एक्केचाळीस नंबरचं दार

सोमवार, ३ तारीख

आले एकदाची! दोन बॅगा, एक छत्री आणि ही वही. वही मुंगीने दिली. मुंगी म्हणजे माझी नात, वय वर्षं सहा. साखरेच्या डब्याभोवती सारखी घुटमळते म्हणून घरात तिला सगळे मुंगीच म्हणतात. तिने बजावलंय की रोज लिहायचं आणि भेटल्यावर वाचून दाखवायचं. तिच्या आईने निघताना एवढंच विचारलं की सोफ्यावरची चादर धुवायला टाकू का.

सूनबाई वाईट नाही, मुलगाही वाईट नाही. पण आठ वर्षं हॉलमधल्या सोफ्यावर झोपलेल्या बाईला विचारा, दार म्हणजे काय चीज असते ते. त्या घरात मला लावता येईल असं एकच दार होतं, बाथरूमचं. डोळे भरून आले की मी आत जाऊन नळ सोडायचे. मग बाहेरून टकटक व्हायची, दोन सावकाश, तीन भरभर. ती मुंगीची खूण. मी आतून तशीच टकटक केली तर तिने आत यायचं, नाही केली तर आजीला एकटं सोडून निमूट जायचं, असा आमचा दोघींचा करार. घरातल्या मोठ्यांपैकी कुणाला तो कधी कळला नाही.

तर आता नोकरी. एका कंपनीने आपल्या मोटरहोम परत बोलावल्यात. आत पलंग, ओटा, संडास असं सगळं असलेल्या, चाकांवरच्या घरगाड्या. वायरिंगमध्ये खोट आहे, आग लागू शकते. हायवेला लागून मोठं आवार आहे, त्यात ऐंशीएक गाड्या रांगेने उभ्या. कागद तपासायचे, मालकांना फोन करायचे, यादी ठेवायची. शाळेच्या ऑफिसात सत्तावीस वर्षं हेच केलंय मी, फक्त तिथे मुलं होती आणि ती जास्त पेटायची.

मंगळवार, ४

साहेबांची ओळख झाली. इथे सगळे त्यांना पाठीमागे ‘रजिस्टर’ म्हणतात. जे कागदावर आहे तेच खरं, असा त्यांचा बाणा. सकाळी ते आजारी दिसत होते, पण हजेरीवर सही केल्यावर त्यांना जरा बरं वाटलेलं मी डोळ्यांनी पाहिलं.

कामाची रीत अशी. आलेल्या गाडीच्या दारावर लाल स्टिकर. वायरमन पलंगाखालचा चार्जिंगचा डबा आणि त्याच्या वायरी बदलतो. त्याचे हात ग्रीसने बरबटलेले असतात आणि त्याने लावलेले स्टिकर काळे होतात, म्हणून हिरवा स्टिकर ऑफिसने लावायचा. म्हणजे आता मी. वायरमन येऊन नंबर सांगणार, मी जाऊन हिरवा डकवणार आणि यादीत खूण करणार. हिरव्या गाडीकडे मग तो ढुंकूनही बघत नाही. ऐंशी गाड्या आहेत मावशी, म्हणाला, हिरवं कशाला बघत बसू?

मी परिपत्रक वाचून काढलं. छतावर उन्हावर चालणाऱ्या पट्ट्या आहेत. ऊन चढलं की त्यांची वीज डब्यात येते, वायर पत्र्याला घासून उघडी पडलेली असते आणि ती तापते. दाराच्या कुलपाची वायर त्याच जुडग्यात आहे. ती तापली की आतली मूठ नुसती फिरते, दार उघडत नाही. बाहेरची मूठ मात्र थेट कुलपाला जोडलेली, ती चालते. शेवटी ठळक अक्षरात लिहिलंय : आत धूर दिसल्यास दार बाहेरून उघडू नये, हवा मिळताच आग उघडणाऱ्याच्या अंगावर झेपावते. मी वायरमनला विचारलं की मग आतल्या माणसाने काय करायचं, ते कुठल्या पानावर आहे? तो हसला. आत माणूस नसतोच, म्हणाला, म्हणून तर लाल लावायचा.

बुधवार, ५

राहायला देऊ केलेली खोली म्हणजे गोदामाचा कोपरा निघाला. तिला दार नाही, पडदा आहे. मी साहेबांकडे गेले. ते म्हणाले, मालकाला पैसे देऊन कंपनीनेच ठेवून घेतलेली एक गाडी आहे, एक्केचाळीस नंबरची. तिच्यात राहायला हरकत नाही. मात्र नियमाप्रमाणे हिरवा स्टिकर हवा.

पाहून आले. काय सांगू! फिकट निळी गादी, ओट्यावर छोटीशी खिडकी, आरसा, आणि दार. जाड, भक्कम, स्वतःहून हळूच मिटणारं दार. ते मिटलं की कानात कापूस घातल्यासारखं होतं, हायवेवरचा एक ट्रक ऐकू येत नाही. मी आत पाच मिनिटं नुसती उभी राहिले. सांगायला लाज वाटते, पण रडले. आणि नळ सोडावा लागला नाही.

वायरमनला सांगितलं. तो म्हणाला की उद्या सकाळी पहिली तीच घेतो.

शुक्रवार, ७

वायरमन काल आलाच नाही. त्याची बायको बाळंत झाली, मुलगी झाली, सोमवारपर्यंत रजा. बदलीवर दुसरा कुणी आलाय, तो पलीकडच्या रांगेतच अडकलाय.

आणि मी काल दुपारी एक्केचाळीसला हिरवा लावला.

इथे लिहून टाकते म्हणजे मन हलकं होईल. चार दिवसांचा तर प्रश्न. वायरमन आला की करेलच, स्टिकर आधी की डबा आधी एवढाच फरक. पडद्यामागे तीन रात्री काढल्यावर चौथी काढवेना. सत्तावीस वर्षांत मी एका दाखल्यावरची तारीख कधी मागेपुढे केली नाही. एकदा केली तर काय आभाळ कोसळणार आहे?

शनिवार, ८

सामान लावलं. मुंगीचं चित्र आरशाशेजारी चिकटवलं. त्यात चाकं असलेलं घर आहे आणि दारात मी, घरापेक्षा उंच.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत छत्री घ्यायला गाडीकडे आले तर आतून आवाज येत होता. टक, टक, मग बरेचसे धडाधड. कुलूप लावलेलं, किल्ली माझ्याकडे. उघडलं तर आत कुणी नाही. मागून साहेब येत होते. त्यांनी तळव्याने पत्र्यावर दोन थापा मारल्या आणि मान हलवली. पत्रा उन्हाने ताणतो, म्हणाले, रोजचंच आहे. मला पटलं. आमच्या शाळेचे पत्रेही मे महिन्यात असेच कण्हायचे.

सोमवार, १०

वायरमन परतला. सगळ्यांना पेढ्याऐवजी बिस्किटं वाटली, मुलीचा फोटो दाखवला. मी म्हटलं, एक्केचाळीसचं तेवढं बघ. तो म्हणाला, ती तर हिरवी आहे मावशी, बदलीवाल्याने केली असणार. बदलीवाला आपल्या गावी निघून गेलाय.

हीच वेळ होती. तोंड उघडून सांगायचं, की बाबा, ती मीच चिकटवली. पण साहेब शेजारीच उभे होते आणि मला माझा पडदा आठवला. मी बिस्कीट खाल्लं.

फोनवर मुंगीला गाडीचा नंबर सांगितला. तिला एक्केचाळीस लिहिता येतं. रविवारी मुलगा तिला घेऊन येणार आहे. आजीच्या घरात एक दिवस राहायचं म्हणून तिने आत्ताच दप्तर भरलंय.

मंगळवार, ११

आज पुन्हा आवाज. बाराच्या सुमारास. मी मुद्दाम पत्र्यावर हात ठेवून उभी राहिले. आधी धडाधड, कुणीतरी भांड्याने मारावं तसं. मग थोडा वेळ काही नाही. मग दोन सावकाश. मग एक, आणि बंद. अर्ध्यावर तोडल्यासारखं.

पत्रा ताणतो हे खरं असेल. पण पत्र्याला मोजता येतं का?

गादीखाली हात घालून पाहिला. फळी कोमट होती. सकाळी थंड होती.

गुरुवार, १३

आता थोडी सावरलेय, म्हणून लिहिते. मनगट सुजलंय, अक्षराला हसू नये.

साडेबाराला जेवणाचा डबा आणायला आत गेले. दार मागे मिटलं. वळून मूठ फिरवली तर ती नुसतीच फिरली, नळाची चावी फिरावी तशी. पुन्हा पुन्हा. मग हाका मारल्या. आपला आवाज या भिंती पिऊन टाकतात हे तेव्हा कळलं. ज्याचं इतकं कौतुक केलं तेच. खिडक्या ढकलून पाहिल्या. चोरी होऊ नये म्हणून आवारातल्या सगळ्या गाड्यांच्या खिडक्या बाहेरून स्क्रूने आवळल्यात, ते मीच यादीत लिहिलंय. ड्रायव्हरच्या केबिनकडे जायची फळीही तशीच आवळलेली. खिडकीला काच नाही, जाड प्लॅस्टिक आहे. तव्याने मारलं तर तवा उलटून माझ्याच मनगटावर आला. जळक्या रबराचा वास येत होता. बारीक, पण होता. फोन ऑफिसातल्या टेबलावर.

चाळीस मिनिटं. मग ढग आला असावा. मूठ एकदम लागली आणि मी पायऱ्यांवरून खालीच पडले.

साहेबांना सांगितलं. त्यांनी यादी उघडली, बोट फिरवलं आणि म्हणाले की बाई, ही दुरुस्त झालेली आहे.

शुक्रवार, १४

कबूल केलं. सगळं. स्टिकर मी लावला, डबा कुणी उघडलेला नाही, मला काढून टाकायचं तर टाका.

साहेब रागावलेसुद्धा नाहीत. ते मला खुळी समजले. यादी वर गेलीय, म्हणाले, हिरवी गाडी पुन्हा लाल करायला वरून कागद लागतो, तो सोमवारी मागवू. आणि या वयात एकटं राहिलं की माणसाला भास होतात, असं फार मायेने म्हणाले.

वायरमनने निदान ऐकून घेतलं. त्याचा चेहरा उतरला. पण पलंगाखालच्या डब्याची किल्ली आणि हत्यारं साहेबांच्या सहीशिवाय मिळत नाहीत. सोमवारी सकाळी पहिली तीच, शपथ, म्हणाला.

संध्याकाळी मी हिरवा स्टिकर नखांनी खरवडून काढला. माझं सामान ऑफिसच्या बाकावर हलवलं, गाडीतला तवा, टॉवेल, पाण्याची बाटली तशीच ठेवली. फक्त मुंगीचं चित्र निघेना, फाटत होतं. ते आणि ही वही गाडीतच राहिली, साहेबांच्या नजरेसमोर ही लिहवत नाही. वही लिहायला ऊन उतरल्यावर येते, दाराला वीट लावून. विटेशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, कानाला खडा.

शनिवार, १५

दारावर पुन्हा हिरवा स्टिकर. नवा, सरळ, चारी कोपरे नीट दाबलेले. साहेबांनी यादी बघून लावला.

दुपारी तेच. धडाधड. दोन सावकाश. एक. बंद.

ती आमची खूण आहे. मुंगीची आणि माझी. जगात तिसऱ्या कुणाला माहीत नाही. आत कोण —

मुलाला फोन केला की रविवारी येऊ नका. तो म्हणाला, आई, तिने आठवडाभर डोकं खाल्लंय, आता नाही म्हटलं तर घर डोक्यावर घेईल. मी म्हटलं, आलात तर थेट ऑफिसात या, गाडीजवळ जायचं नाही. तो हो म्हणाला. कानावर हो, मनात नाही, असा त्याचा हो मला लहानपणापासून माहीत आहे.

रविवार, १६

सकाळी साडेआठ. आवारात साहेब आणि मी. ऊन चांगलंच आहे. ढग एकही नाही. ते बाराला येणार. मी फाटकापाशीच उभी राहणार आहे. मुंगीला उचलून थेट ऑफिसात. वही इथे ठेवून बाहेर पडते. वीट काढून दार लावते.

रविवार, पावणेबारा

आत आहे.

मूर्ख बाई. मूर्ख.

फाटकाकडे जात होते. एक्केचाळीसमधून आवाज. दोन सावकाश, एक — आणि थांबला. मला वाटलं मुंगी. लवकर आली, आत शिरली, अडकली. दुसरं काही डोक्यात आलंच नाही. धावत आले, दार उघडलं, आत शिरले.

आत कुणी नाही. चित्र आहे.

वीट बाहेर. पायरीशेजारी. मी तिच्यावरूनच धावत आले.

मूठ फिरते, फिरते.

बारा वाजायला पाच

फोन ऑफिसात. साहेबांची खुर्ची खिडकीकडे पाठ करून.

गादी उचलून फेकली. फळीच्या फटीतून धूर. पाण्याची टाकी रिकामी, टॉवेल बाटलीभर पाण्याने ओला करून फटीत कोंबला. जमिनीवर बसून लिहितेय, खाली हवा बरी आहे.

लिहिते कारण लिहिताना हात काहीतरी करतात.

बारा

तवा घेतला. खिडकीवर, दारावर, पत्र्यावर. धडाधड. जीव खाऊन.

हा आवाज मी ऐकलाय.

शनिवारी ऐकलाय. मंगळवारी, हात ठेवून. बाहेर उभी राहून. पत्रा ताणतो म्हणून —

ती मीच होते का

बारा पाच

ओट्याच्या खिडकीतून दिसतायत. मुलगा, साहेब. मुंगी पुढे, पिवळा फ्रॉक, पाठीवर दप्तर. दारांवरचे नंबर बोटाने वाचत येतेय. अडतीस. एकोणचाळीस.

मी तवा आपटला. मुलगा थांबला. साहेबांनी पुढे होऊन तळव्याने पत्र्यावर दोन थापा मारल्या आणि मान हलवली.

मुलाने पण मान हलवली. हसला.

त्यांचं माझ्याकडे लक्ष नाही. बाहेर लख्ख ऊन, आत धूर. त्यांना प्लॅस्टिकमध्ये आभाळ दिसत असणार.

मग मी खूण वाजवली. दोन सावकाश. भरभर एक —

मुंगीने मान वर केली.

ती ओळखते. तिने ऐकलं. ती पळत येतेय, वीट उचलून दारापाशी ठेवतेय, वर चढतेय. तिचा हात मुठीला पोचतो. बाहेरची मूठ चालते. बाहेरची —

हवा मिळताच. ठळक अक्षरात. उघडणाऱ्याच्या अंगावर.

टॉवेल पेटलाय

म्हणून तो आवाज थांबायचा. रोज. अर्ध्यावर. आता कळलं मी का थांबायचे

तवा गादीवर ठेवला. आवाज न करता.

जा बाळा. आजीला एकटं सोड. आपला करार

ती उघडत नाही. शहाणी माझी. आधी विचारतेय. दारावर, माझ्या डोक्याशी. दोन सावकाश. तीन भरभर.

उत्तर द्यायचं नाही.

पुन्हा. दोन सावकाश. तीन

हात वर जातोय, धरलाय, दुसऱ्या हाताने धरलाय. लिहीत राहायचं म्हणजे वाजवता येत नाही लिहीत राहायचं उत्तर नाही द्यायचं मुंगी जा उत्तर नाही द्या